श्राइव्ह आणि दोन किलो साखर

"मॅडम, शॉर्ट श्रिफ्ट म्हणजे हाफ डे का?"

एस.वाय.च्या वर्गात मागच्या बाकावरून प्रश्न आला. विचारणारा मुलगा रात्री एमआयडीसीत कामाला असतो आणि सकाळी डोळे चोळत माझ्या लेक्चरला बसतो. त्याच्या हातातल्या इंग्रजी पेपरात कुठल्याशा मंत्र्याने कुणाच्या तरी मागणीला 'शॉर्ट श्रिफ्ट' दिल्याची बातमी होती. त्याने ते 'शिफ्ट' वाचलं होतं, आणि ज्याचं आयुष्य शिफ्टमध्ये कापलेलं आहे त्याने ते तसंच वाचायचं. वर्ग हसला. मीही हसले. "शिफ्ट नाही रे, श्रिफ्ट. म्हणजे धड ऐकून न घेता वाटेला लावणं," असं सांगितलं आणि पुढच्या कवितेकडे वळले.

घरी येताना एसटीत लक्षात आलं, की त्या पोराच्या प्रश्नाला आपण नेमकी शॉर्ट श्रिफ्टच दिली.

श्रिफ्ट हे नाम. त्याच्यामागचं क्रियापद श्राइव्ह. आता इंग्लंडातही रोजच्या बोलण्यात ते सापडायचं नाही. कोशात त्याच्यापुढे 'जुना' असा शिक्का असतो. पाद्र्याने एखाद्याच्या पापाची कबुली ऐकायची, त्याला प्रायश्चित्त नेमून द्यायचं आणि पापातून मोकळं करायचं, एवढी सगळी कामं ते एकटं क्रियापद करतं. शिवाय कबुली देणाऱ्यानेही ते स्वतःपुरतं वापरलेलं चालायचं. आपल्याकडचे इंग्रजी-मराठी कोश बहुधा 'पापक्षालन करणे' असं काहीतरी देऊन हात झटकतात. क्षालन म्हणजे धुणं. या शब्दात धुण्याचा थेंबही नाही, हे मला फार उशिरा कळलं.

हा शब्द मुळात लिहिण्याचा आहे.

लॅटिनमध्ये 'स्क्रीबेरे' म्हणजे लिहिणं. त्याच्याही आधी ओरखडणं, कोरणं. रोमन लोकांशी संबंध आला तसा हा शब्द युरोपच्या उत्तरेकडच्या भाषांत शिरला. जर्मन लोक आज लिहिण्याला 'श्रायबेन' म्हणतात, डच 'स्ख्रैव्हेन', डॅनिश 'स्क्रिव्ह'. सगळी एकाच घरची भावंडं. इंग्रजांकडेही तो आला, पण त्यांनी लिहिण्यासाठी आपला जुना 'राइट' सोडला नाही (त्याचाही मूळ अर्थ ओरखडणंच) आणि या पाहुण्याला वेगळंच काम दिलं. त्याचा जुना इंग्रजी अवतार 'स्क्रीफान'. अर्थ: नेमून देणं, ठरवून देणं, निवाडा करणं. पुढे चर्चच्या हाताखाली: प्रायश्चित्त ठरवून देणं. गंमत म्हणजे त्याची रूपंही अस्सल घरच्यासारखी होतात. ड्राइव्ह, ड्रोव्ह, ड्रिव्हन तसं श्राइव्ह, श्रोव्ह, श्रिव्हन. बाहेरून आलेल्या शब्दाला भाषा सहसा असे लाड देत नाही. एखादा पाहुणा इतका जुना होतो की त्याला घरातल्यांचंच आडनाव लागतं, तसं झालं असावं.

'बेओवुल्फ' या जुन्या इंग्रजी काव्यात हे क्रियापद अजून चर्चपुरतं झालेलं नाही. म्हातारा बेओवुल्फ ड्रॅगनशी शेवटची झुंज देतो तेव्हा कवी म्हणतो, की दैवाने त्याला विजय नेमून दिला नव्हता. तिथे हेच क्रियापद आहे. शब्दाचं मूळ मनात धरून वाचलं तर दैवाने ते त्याच्या कपाळी लिहिलं नव्हतं, असंच म्हणावंसं वाटतं. हे वाचून मला थेट सटवाई आठवली. आमच्या घरी भावाच्या मुलाच्या वेळी पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलेलं मला आठवतं. रात्री सटवाई येऊन बाळाचं नशीब लिहून जाते. सकाळी कागद कोराच होता, आणि आजी म्हणाली, "ती काय तुमच्या कागदावर लिहिते व्हय?"

तर श्राइव्ह हे असं आहे. समोरचा सांगतो, ऐकणारा ऐकतो, आणि मग ठरतं: याचं हे आणि एवढं. डॉक्टर तपासून झाल्यावर चिठ्ठी लिहून देतात, तसं. प्रिस्क्रिप्शन या शब्दातही तोच स्क्रीबेरे बसलेला आहे.

आणि चिठ्ठी लिहायला पुस्तकंही होती. ६व्या शतकापासून आयर्लंडच्या मठांत प्रायश्चित्ताच्या याद्या तयार व्हायला लागल्या. अमुक पापाला तमुक दिवस पाव आणि पाणी. तिथून त्या इंग्लंडात आल्या. ६६९ साली कँटरबरीला थिओडोर नावाचा आर्चबिशप आला. मूळचा तार्ससचा, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. वय साठीच्या पुढे, आणि तरीही त्याने पुढे वीसेक वर्षं तिथला कारभार हाकला. त्याच्या निवाड्यांचा म्हणून एक संग्रह प्रसिद्ध आहे. त्यातली एक नोंद माझ्या मनातून जात नाही. धन्याच्या हुकमाने ज्याने माणूस मारला त्याने ४० दिवस चर्चपासून लांब राहावं. उघड युद्धात ज्याने माणूस मारला त्याने ४० दिवस प्रायश्चित्त घ्यावं. हुकूम होता, युद्ध होतं, सगळं मान्य. तरी ४० दिवस. 'तुझा काही दोष नाही, जा' असं त्या पुस्तकाने म्हटलं नाही. परत आलेल्या शिपायाला हे ओझं वाटत असेल की आधार, याचा मी बरेच दिवस विचार केला. मला वाटतं, आधार. आपल्या हातून जे झालं ते कुणीतरी मोजलं, एवढा आधार.

ज्यांना हे परकं वाटेल त्यांनी आपली धर्मशास्त्रं उघडून पाहावीत. कृच्छ्र, चांद्रायण, घास मोजून खायचे, आणि ते झेपत नसेल तर त्याऐवजी गाय, गाय नसेल तर तिची किंमत. तिकडेही उपासाऐवजी स्तोत्रं म्हणण्याची सवलत होती. माणूस सगळीकडे सारखाच. आधी दर ठरवतो, मग घासाघीस करतो.

१२१५ साली रोमच्या लॅटरन परिषदेने नियम केला, की जाणत्या वयाच्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी आपल्या पाद्र्याकडे कबुली द्यायची. त्या काळात आडोशाची लाकडी खोली नव्हती. ती १६व्या शतकातली, मिलानच्या कार्लो बोरोमेओ या आर्चबिशपने रूढ केलेली. त्याआधी चर्चमध्येच, सगळ्यांच्या देखत, पाद्र्याच्या बाजूला गुडघे टेकून सांगायचं. शब्द ऐकू जायचे नाहीत, पण कोण किती वेळ बसलंय ते मागच्या रांगेला दिसायचंच. आमच्याकडे सरकारी दवाखान्याच्या रांगेत आत गेलेली बाई लवकर बाहेर आली नाही, की बाकीच्या एकमेकींकडे बघतात. तसंच असणार.

वर्षातून एकदा म्हटल्यावर गर्दी व्हायची ती ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या तोंडावर. राखेच्या बुधवारी उपास सुरू, म्हणून आदल्या दिवसापर्यंत श्राइव्ह व्हायचं. तो दिवस श्रोव्ह ट्यूसडे. क्रियापद बोलण्यातून गेलं, पण दिवसाच्या नावात अडकून राहिलं. आणि उपासात अंडी-लोणी चालत नसे म्हणून घरातलं सगळं संपवायला त्या दिवशी पॅनकेक. कबुली विसरली गेली, पॅनकेक उरले. आपल्याकडे आषाढी अमावस्येच्या दिव्यांचं काय झालं ते आठवा.

बकिंगहॅमशरमधल्या ओल्नी गावात त्या दिवशी बायकांची शर्यत असते. डोक्याला रुमाल, कमरेला एप्रन, हातात तवा आणि तव्यात पॅनकेक. बाजारापासून चर्चपर्यंत ४१५ यार्ड. गावकरी सांगतात, १४४५ साली एक बाई पॅनकेक करत असताना चर्चची घंटा वाजली. कबुलीला उशीर होतोय म्हणून ती हातातल्या तव्यासकट धावत सुटली. खरंखोटं ओल्नी जाणे. मला ती बाई खरी वाटते. गॅस बंद करून जाऊ की राहू दे, अशा घोटाळ्यात मी कितीदा घराबाहेर पडले आहे! १९५० पासून अमेरिकेतल्या कॅन्ससमधलं लिबरल नावाचं गाव त्यांच्याशी वेळा जुळवून शर्यत लावतं. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की ओल्नीत शर्यतीनंतर चर्चमध्ये प्रार्थना होते आणि तिला अजून 'श्राइव्हिंग सर्व्हिस' म्हणतात. वर्षातून एक दिवस का होईना, शब्दाला घर आहे.

आपल्या जवळच, गोव्यात, हेच दिवस इंत्रूजचे, म्हणजे कार्निव्हलचे. पणजीत शनिवारी कार्निव्हलचा राजा किंग मोमो फर्मान सोडतो, खा, प्या, मजा करा, आणि मंगळवारी सगळं आवरतं. तो मंगळवार म्हणजे हाच श्रोव्ह ट्यूसडे. कोकणीत कबुलीला 'कुमसार' म्हणतात. कार्निव्हलला गेलेल्या आपल्या लोकांना मिरवणूक माहीत असते, कुमसार माहीत नसतं.

आता शॉर्ट श्रिफ्टचं. हा शब्दप्रयोग पहिल्यांदा भेटतो तो शेक्सपिअरच्या 'रिचर्ड तिसरा' या नाटकात. लॉर्ड हेस्टिंग्ज. खरा माणूस, १४८३ च्या जूनमध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये बैठकीला गेला आणि तिथल्या तिथे देशद्रोही ठरून त्याचं डोकं उडवलं गेलं. नाटकात त्याला न्यायला आलेला माणूस म्हणतो, चला, आटपा, ड्यूकसाहेबांची (म्हणजे पुढे राजा झालेल्या रिचर्डची) जेवणाची वेळ झाली आहे. कबुली थोडक्यात उरका, त्यांना तुमचं डोकं बघायचंय. मरणाऱ्याला पाद्र्याजवळ दोन शब्द बोलण्याचा हक्क होता. तो नाकारला नाही. फक्त लांबवू नका म्हटलं, कारण जेवण गार होतंय. नंतर हा प्रयोग मंत्र्यांच्या आणि मागण्यांच्या बातम्यांत आला आणि त्यातलं रक्त वाळून गेलं. माझ्या विद्यार्थ्याने 'हाफ डे' म्हटलं ते मूळ अर्थापासून मंत्र्याच्या बातमीइतकं तरी लांब नव्हतं. मुदत कापणं हेच तर आहे ते.

'हॅम्लेट'मध्ये याहून वाईट आहे. हॅम्लेटला इंग्लंडला नेऊन मारायचा हुकूम त्याच्या दोन जुन्या मित्रांबरोबरच्या पत्रात आहे. तो रात्री बोटीवर ते पत्र चोरतो आणि त्याजागी दुसरं लिहून ठेवतो: हे आणणाऱ्यांनाच ठार करा, श्राइव्हिंगलाही वेळ देऊ नका. वर मित्राला सांगतो, की सुंदर अक्षर काढणं मला एके काळी हलकं वाटायचं, पण त्या रात्री ते कामाला आलं.

सुंदर अक्षर काढून केलेलं पाप. हा प्रवेश वर्गात शिकवताना दरवर्षी माझा आवाज किंचित बसतो. मुलांना वाटतं, मॅडम रंगात आल्या.

आमचं किराणा दुकान होतं. अण्णा गल्ल्यावर, आणि शाळा सुटल्यावर मी त्यांच्या बाजूला. उधारीची वही लाल कापडी बांधणीची, प्रत्येक गिऱ्हाइकाला एक पान. नववीत असताना अण्णा जेवायला आत गेले की वही माझ्याकडे असायची. १९८९ ची चैत्रातली जत्रा. मला जत्रेत एक कानातलं आणि नेलपॉलिश हवं होतं, वर भेळ. घरातून मिळालेल्या पैशांत ते बसेना. मी गल्ल्यातून सोळा रुपये घेतले आणि गल्ला जुळावा म्हणून वेशीपलीकडे राहणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या एका मावशींच्या पानावर ओळ घातली: साखर २ किलो, १६.००. अण्णांसारखं अक्षर काढलं. अण्णांच्या 'ख'ला एक शेपटी असायची, तीही काढली. मावशींना वाचता येत नव्हतं. पुढच्या शनिवारी, बाजाराच्या दिवशी, मजुरीतून त्यांनी पैसे दिले. अण्णांनी खाली 'पोहोचले' लिहिलं.

कुणाला काही कळलं नाही. कानातलं महिन्याभरात काळं पडलं.

पुढे मी इंग्रजी शिकायला पुण्याला गेले आणि तिथे कोलरिजचा म्हातारा खलाशी भेटला. १७९८ सालची कविता. त्याने विनाकारण अल्बट्रॉस मारला, सगळं जहाज मेलं, तो एकटा जिवंत किनाऱ्याला लागला आणि तिथल्या साधूचे पाय धरून ओरडला, मला श्राइव्ह करा, श्राइव्ह करा! (कोलरिजने 'श्रीव्ह' असं जुनं वळण दिलंय.) साधू क्रूस काढतो आणि विचारतो, तू कसला माणूस आहेस ते सांग. तो सांगतो, आणि त्याला मोकळं वाटतं. पण तेवढ्यापुरतंच. मग केव्हाही, अवेळी, ती कळ परत येते आणि कुणाला तरी धरून सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. लग्नाला निघालेल्या पाहुण्याला त्याने दारात अडवलंय. आमच्या सरांनी याचा अर्थ कलावंत, निर्मिती, वेदना वगैरे सांगितला. मला तेव्हा वाटलं, आणि अजून वाटतं, की त्या साधूने ऐकलं, पण काही नेमून दिलं नाही. ४० दिवस म्हटलं असतं तर एक्केचाळिसाव्या दिवशी म्हातारा झोपला असता. लग्नाचा पाहुणाही वाचला असता.

हे अर्थात माझं. कोलरिजच्या इंग्लंडात ती नेमून देणारी यंत्रणा जवळपास अडीचशे वर्षांपूर्वीच मोडली होती. इंग्लंड रोमपासून तुटून प्रोटेस्टंट झालं, आणि १५४९ च्या नव्या प्रार्थनापुस्तकाच्या सुमाराला खाजगी कबुलीची सक्ती गेली. सगळ्यांनी मिळून एकदम म्हणायची कबुली आली. आम्ही चुकलो, आम्ही भरकटलो. बहुवचनात चुकणं फार सोपं असतं.

त्याच सुमाराला जन्मलेला एक इंग्रज आपल्याला चांगला माहीत आहे. विल्टशरचा थॉमस स्टीफन्स. कॅथलिक राहिला, रोमला जाऊन १५७५ मध्ये जेझुइट (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाचा सदस्य) झाला आणि १५७९ च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरला. मायदेशी राहिला असता तर काय झालं असतं याचा अंदाज करायला त्याच्याच पिढीचा एडमंड कँपियन पुरे. तो जेझुइट इंग्लंडात परतला, लपूनछपून लोकांच्या कबुल्या ऐकल्या, आणि १५८१ मध्ये टायबर्नला फासावर गेला. पुढे १५८५ मध्ये कायदाच झाला, की जेझुइट पाद्री इंग्लंडात सापडला की तो राजद्रोहीच. म्हणजे श्राइव्ह करणाऱ्याचीच शॉर्ट श्रिफ्ट. इकडे स्टीफन्स गोव्यातल्या साष्टीत रमला, मराठीच्या प्रेमात पडला, आणि हरळांमध्ये रत्न तशी भाषांमध्ये मराठी, असं सांगत सुमारे अकरा हजार ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहिलं. ते १६१६ मध्ये छापलं गेलं. शेक्सपिअर गेला तेच साल. मला नेहमी वाटतं, त्या माणसाला श्राइव्ह हा शब्द घरच्या भाषेत माहीत असणार, आणि साष्टीतल्या एखाद्या म्हाताऱ्या बाईची कबुली ऐकताना तो मनात येऊन जात असणार. तिला तो सांगण्यात अर्थ नव्हता. तिच्या भाषेत तिचं तिला नेमून द्यायचं होतं.

इंग्रजीत क्षमेची बाकीची क्रियापदं वेगळ्या वाटेने जातात. पार्डन आणि फरगिव्ह, दोन्हींच्या पोटात देणं आहे. अॅसॉइल म्हणून एक आणखी जुना शब्द आहे, त्यात गाठ सोडणं आहे. आपलं 'माफ' अरबीतून आलं. 'क्षमा'मध्ये सोसणं आहे; पृथ्वीलाही संस्कृतात क्षमा म्हणतात, तिच्यावर कुणीही नांगर घालावा म्हणून. आणि मराठी बायबलमध्ये प्रभूच्या प्रार्थनेत 'आमची ऋणे आम्हांस सोड' असं आहे, जे दुकानदाराच्या मुलीला एका फटक्यात कळतं. तुकोबांनी भावाचा वाटा देऊन आपल्या वाट्याची खतं इंद्रायणीत बुडवली, असं चरित्रं सांगतात. पुढे त्याच नदीतून त्यांच्या अभंगांच्या वह्या वर आल्या. सावकारीची खतं आल्याचं मात्र कुणी सांगत नाही.

पण अस्सल आपलं म्हणावं तर 'पोटात घालणं'. लेकराचे अपराध पोटात घाला. किती प्रेमळ शब्द, आणि किती गैरसोयीचा. ज्याचा अपराध केला त्यानेच तो गिळायचा, त्यानेच पचवायचा. अपराध करणाऱ्याने फक्त मान खाली घालून उभं राहायचं. नेमून देणं नाही, मोजणं नाही. आमच्याकडे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या पोटात इतकं घातलंय, की त्यांच्या पित्ताचं कारण वेगळं शोधायला नको.

२००६ मध्ये अण्णांनी दुकान बंद केलं. मी तेव्हा नोकरीला लागून बरीच वर्षं झाली होती; सुट्टीत आवराआवर करायला गेले. माळ्यावरच्या वह्या रद्दीत घालायच्या होत्या. मी एकेक खाली देत होते, अण्णा सुतळीने बांधत होते. १९८९ ची वही हातात आली आणि ती मी खाली दिलीच नाही. शिडीवरच बसून पान शोधलं. ते सापडलं. 'ख'ची शेपटी जरा जास्तच लांब झाली होती.

खाली उतरून अण्णांना सांगितलं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

अण्णांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, परत घातला. वही माझ्या हातातून घेतली. ती ओळ वाचली, मग खालचं स्वतःच्या हातचं 'पोहोचले' वाचलं. त्यावर त्यांनी अंगठा फिरवला.

मी म्हटलं, "अण्णा, चुकलं माझं. पोटात घाला."

"माझ्या पोटात घालून काय होणार?" अण्णा म्हणाले. "पैसे माझे गेलेत का?"

मग थोडा वेळ सुतळी तशीच धरून बसले. मला वाटलं, आता ओरडतील. ते हिशेब करत होते. सोळा रुपयांवर व्याज लावायचं का, यावर त्यांचं मन जाईना. साखर लिहिली होती, तर साखरच. २००६ च्या त्या दिवसांत साखर किलोला विसाच्या आसपास होती. "चाळीस," ते म्हणाले. "मावशीला जाऊन देऊन ये. आणि ही वही घेऊन जा."

"वही कशाला?"

"तिच्या समोर उघड."

मी ४० दिवस पाव-पाण्यावर राहायला तयार झाले असते. वेशीपलीकडच्या त्या गल्लीत वही काखोटीला मारून जाणं त्याहून जड होतं. मावशी दारात बसून सुपात तूर निवडत होत्या. ओळखलं. "अण्णाची लेक न्हवं? मास्तरीण झालीस म्हनं." मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि वही उघडून, बोट ठेवून, सगळं सांगितलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"साखर? म्या कवा साखर न्हेली गं? आमच्यात गूळ." मग काहीतरी आठवल्यासारखं, "त्या बाजाराला मनात आलं हुतं खरं, एवढं कसं झालं. पर वहीत लिवल्यालं हाय म्हनल्यावर…"

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मी चाळीस रुपये पुढे केले. त्यांनी घेतले, मोजले, चार नोटा, आणि कनवटीला लावले. 'असू दे गं' म्हणतील असं मला वाटत होतं, खोटं कशाला बोलू. त्या म्हणाल्या, "लिव आता."

"काय?"

"पोचलं म्हनून. त्याच वहीत."

पर्समधलं बॉलपेन काढलं. १९८९ च्या पानावर, अण्णांच्या शाईखाली, २००६ ची तारीख घालून लिहिलं. यावेळी अक्षर माझं होतं, वर्गात फळ्यावर काढते तसं.

"काय लिवलंस, वाच."

वाचून दाखवलं. त्यांनी त्या ओळीकडे थोडा वेळ पाहिलं, वाचता येत असल्यासारखं. मग गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि आत जाऊन स्टो पेटवला. मी दाराशीच बसून राहिले. आतून पंपाचा आवाज, मग चहाचा वास. गूळ उकळत्या दुधात पडला तर दूध फाटतं. त्यांनी पातेलं खाली उतरवलं, जरा थांबल्या आणि मग डब्यातून खडा काढून टाकला.

"साखर न्हाई बरं का घरात," त्या आतूनच म्हणाल्या.